निघाली तिथेच परत आलेली सायकल

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान हुशार आहेत असं घरात सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मी त्यांना मागून नकाशेबुवा म्हणते. शहरात त्या भाड्याच्या सायकली आहेत ना, एका स्टँडवरून काढायची आणि हवी तिथल्या स्टँडला नेऊन लावायची, त्या कंपनीत ते बसतात. कोण कुठून निघालं, कुठे पोचलं, त्या रेघा कॉम्प्युटरवर बघायच्या आणि कुठला स्टँड ठेवायचा, कुठला उचलायचा ते वरच्यांना सांगायचं. काम एवढंच, पण तोरा असा की अख्खं शहर यांना विचारून पायडल मारतंय.

स्वतः जन्मात सायकलवर बसलेले नाहीत. ऑफिसला गाडीने जातात, तीही कोणीतरी पुसून दिलेली. जेवायला बोलावलं की भाजी वाढायच्या आत प्रवचन सुरू. म्हणे सकाळी लोक स्टेशनकडे जातात आणि संध्याकाळी स्टेशनकडून येतात. अहो, हे कळायला कॉम्प्युटर कशाला, खिडकी पुरे.

त्यातून त्यांचा एक लाडका नियम. जी सायकल निघाली तिथेच परत लागली, ती फेरी मोजायची नाही. चेन उतरली असेल, नाहीतर माणसाचा विचार बदलला असेल. या कामातले इतर लोक म्हणे मिनिटा-दोन मिनिटांच्या फेऱ्याच तेवढ्या गाळतात. यांनी सरसकट गाळल्या, आणि वर आम्हाला ऐकवलं की माणूस कुठेतरी पोचायलाच घराबाहेर पडतो. अक्कल पाजळायची ती किती.

इकडे घरात यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं धाकटी करते. चिरंजीव संध्याकाळी दारातूनच "बाबा, बरं आहे ना?" विचारतात आणि हात धुवायला जातात. काय कष्ट पडतात बिचाऱ्यांना.

दुपारच्या औषधाने म्हाताऱ्यांना गाढ झोप लागते. तेवढ्यात धाकटी कोपऱ्यावरच्या स्टँडवरून सायकल काढते, कालव्याच्या कडेने एक चक्कर मारते आणि तिथेच आणून लावते. नवऱ्याला तिने कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. मला म्हणाली होती, "ताई, तेवढा वारा लागला नाही तर मला वेड लागेल." ती उगाच बोलणारी नाही. सायकल सुरू झाल्यापासून ती पुन्हा माणसासारखी हसायला लागली होती.

आणि एका रविवारी मी जेवायला गेले असताना साहेबांनी मोठ्या अभिमानाने जाहीर केलं, की कोपऱ्यावरचा स्टँड आता उचलणार. तिथून कोणी कुठे जातच नाही. शिफारस अर्थातच यांची.

धाकटीने हातातला डाव खाली ठेवला. "तिथून रोज दुपारी एक सायकल निघते. ती मोजली नाहीत?"

"ती होय?" ते हसले. "निघते तिथेच परत येते. कचरा आहे तो."

"ती मी असते."

मला वाटलं, आता तरी या गृहस्थाला लाज वाटेल. त्यांनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"मग तेवढा वेळ बाबांजवळ कोण असतं?"

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, की आधी तो नियम बदला आणि स्टँड राहू द्या. त्यावर ते मला समजवायला लागले. अहवाल वर गेलाय, आता असल्या फेऱ्या धरल्या तर साऱ्या शहराचे आकडे बदलतील, वरचे विचारतील इतके दिवस काय केलंत. म्हणजे चुकलंय हे कळत होतं. बायकोच्या जिवापेक्षा ऑफिसातली इज्जत मोठी, एवढंच. धाकटी ताटं उचलायला लागली.

स्टँड उचलायच्या आदल्या दुपारी तिने शेजारच्या काकूंना सासऱ्यांजवळ बसवलं आणि त्याच स्टँडवरून सायकल काढली. कालव्याकडे वळलीच नाही. थेट माझ्या घरासमोरच्या स्टँडला येऊन तिने सायकल लावली. हँडलला कपड्यांची पिशवी होती. आत येऊन पाणी प्यायली आणि माझ्यासमोरच नवऱ्याला फोन केला. काकू संध्याकाळपर्यंतच थांबतील, मग कूस तुम्हाला बदलावी लागेल, औषध फडताळात आहे, असं शांतपणे सांगितलं. पलीकडून ते काय विचारत होते ते मलाही ऐकू येत होतं. परत कधी येणार, परत कधी येणार.

"स्टँड तर उद्या उचलताय," ती म्हणाली. "परत येऊन सायकल लावू कुठे?"