नाल्याकाठचा किल्ला

गेल्या रविवारी सकाळी अप्पा नाल्यावर फिरायला गेले ते परत येईनात. अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर त्यांना साताऱ्याहून इथे लखनौला जवळजवळ उचलूनच आणलं मी...

आमच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीच्या मागून हा नाला वाहतो. आता त्याच्या काठाने चालायला आणि सायकलला छान ट्रॅक झालाय. थंडीची चाहूल लागली की सकाळी इतकं धुकं उतरतं, की समोरून येणारा माणूस आधी खोकल्यावरून कळतो!

अप्पांना इथलं तेवढंच आवडलं. बाकी घरात तोंडाला कुलूप. "दिवाळी झाली की मला गाडीत बसवून दे" एवढंच म्हणायचे. तिकीटही काढून झालं होतं. तिथल्या रिकाम्या घरात एकटे कसे राहणार, या विचाराने माझा जीव नुसता टांगणीला.

तर रविवारी पोहे गार झाले, अप्पांचा पत्ता नाही. फोन घरातच. लेकीची सायकल काढली, गुडघे हँडलला आपटतायत, आणि घुसले धुक्यात.

सगळं पांढरं... पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आपण सायकल चालवतोय की झोपेत आहोत, कळेना. मधेच उदबत्तीचा वास आला. अगं बाई, इथे देऊळ कधी झालं?

अर्जुनाच्या झाडाखाली अप्पा उकिडवे बसलेले, कोपरापर्यंत चिखल. आणि समोर किल्ला! दिवाळीत आपल्याकडे अंगणात करतात ना, तस्सा. बुरूज, दरवाजा, पायऱ्या, उतारावर पेरलेली मोहरी. इतके दिवस सकाळी हा उद्योग चालला होता तर.

पण गंमत पुढेच. किल्ल्याभोवती झेंडूची फुलं, बताशे, उदबत्त्या. आणि चार-पाच मॉर्निंग वॉकवाले बूट काढून, हात जोडून उभे! लखनौवाल्यांना आपला किल्ला कुठला माहीत... त्यात पांढऱ्या टोपीतले मौनी अप्पा रोज समोर बसलेले. झालं!

ट्रॅकसूटमधल्या एक आंटी अदबीने विचारत होत्या, "बाबूजी, यहाँ मन्नत माँगते हैं क्या?"

मला बघून अप्पा वैतागले, "अगं सांग ना यांना! मघापासून किला है, किला है म्हणतोय, तर म्हणतात, अच्छा, किले वाले बाबा!"

आणि अप्पांना हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. मी सायकल तिथेच टाकली आणि रडले. हो, रडले.

मग मी आंटींना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "अच्छा! तो सिपाही कहाँ हैं?" दुसऱ्या दिवशी नातवाचे प्लास्टिकचे सैनिक घेऊन हजर, वर एक गाय. आता अप्पा तिथे सगळ्यांना मोडक्या हिंदीत दटावत असतात, "गाय नीचे. तोप ऊपर."

काल जेवताना म्हणाले, "तिकीट रद्द कर. मोहरी हिरवी आहे तोवर थांबतो. पाणी कोण घालणार तिला?" मी नुसतं "बरं" म्हटलं.

आज अप्पा उठायच्या आत मीच धुक्यात जाऊन आणखी मूठभर मोहरी पेरून आले. ते फेसबुकवर नाहीत, तेव्हा कुणी चहाडी करू नका, यार.

आणि खरं सांगू? पेरून झाल्यावर इकडेतिकडे बघून मीही बूट काढले... आणि किलेवाल्या बाबांना हात जोडले.