पोथीतला सुभानजी

चिंचवडच्या उद्धवरावांनी तरुणपणी डझनभर ऐतिहासिक कादंबऱ्या खरडल्या. भुयारं, वेषांतरं, तलवारी, कड्यावरून उड्या, मसाला काही कमी नव्हता हो! पण छप्पन्न साल उजाडेपर्यंत त्यांना कुत्रंही विचारेना. प्रकाशक वारला, पुस्तकं रद्दीत गेली. मरायच्या आधी आपलं नाव ठाऊक असलेला एक तरी वाचक बघावा, एवढाच ध्यास उरला होता.

शेजारचा ज्योतीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात होता. काकांच्या कादंबरीतल्या शूर सुभानजीच्या गोष्टी ऐकून त्याचे कान किटले होते. एकदा तो म्हणाला, "काका, तुमचा सुभानजी आमच्या चाकणकडच्या गावात सध्या श्रावणाचं देवळात वाचत्यात!"

उद्धवराव ताडकन उठले. बायको कुसुमताई म्हणाल्या, "अहो, जेवून तरी जा!" छे! धुतलेलं धोतर नेसले नि एसटी धरली.

देवळात बायामाणसं दाटीनं बसलेली. चौरंगावर लाल कापडातली पोथी, हळदकुंकवानं माखलेली. सावळाराम गुरव ओळ वाची नि अर्थ सांगे. उद्धवरावांनी वाकून पाहिलं. त्यांचीच कादंबरी! पहिली पानं गायब, लेखकाच्या नावाचा पत्ता नाही. सुभानजी कड्यावरून उडी टाकत होता आणि बाया हात जोडत होत्या. अरे देवा! ते प्रकरण त्यांनी प्रकाशकाच्या तगाद्यापायी एका बैठकीत उरकलं होतं.

"थांबा! हे मी लिहिलंय!"

सावळाराम हसला. "पोथी कुणी लिवत आसतं व्हय?"

उद्धवरावांचं डोकं सटकलं. पुढचं पान त्यांनी न बघता घडाघडा म्हणून दाखवलं. सावळाराम बोट ठेवून पडताळत होता. एक अक्षर चुकलं नाही. आता विचारतील नाव! म्हातारा धोतर सावरून ताठ उभा राहिला.

पुढं बसलेल्या कुशाबाई उठल्या आणि थेट त्यांच्या पाया पडल्या. "समदी पोथी पाठ! केवढा मोठा भगत! बाबा, माझं धनी तापानं गेल्यातच जमा हुतं. सुभानजीबाबाच्या अंगाऱ्यानं उठून बसलं बघा." शेजारी धनी हात जोडून बसले होते, डोळ्यांत पाणी.

"अहो बाई, सुभानजी म्हणून कुणी..." उद्धवरावांची नजर धन्याच्या जोडलेल्या हातांवर गेली नि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं.

सावळारामनं चौरंग पुढं सरकवला. "टेकवा डोकं, भगत."

सगळं देऊळ बघत होतं. उद्धवरावांनी आपल्याच कादंबरीवर डोकं टेकवलं.