वन्संचा सूर

माझ्या नणंदेला, म्हणजे वन्संना, देवाने काय काय दिले ते तारखेनिशी लागते. तारखा त्यांच्या डोक्यात राहत नाहीत, माझ्या डायऱ्यांत असतात. म्हणून दर शनिवारी दुपारी, मी जरा आडवी झाले की त्या दार वाजवतात.

"वहिनी, मी जिन्यावरून पडले आणि हाड मोडलं नाही, ते कधी?"

मी उठते, चष्मा शोधते, डायरी काढते. "अकरा मार्च. आणि पडलात ते ओल्या जिन्यावर धावलात म्हणून."

"कशी पडले ते राहू द्या. उठले ते मला हवंय."

वन्संनी इस्पितळाच्या धुलाईघरात बत्तीस वर्षे काढली. चादरी उकळणारी, पिळणारी, वाळवणारी यंत्रे दिवसभर घुमत. तिथे स्वतःचे गाणे स्वतःला ऐकू येत नसे. छातीवर हात ठेवायचा, थरथर लागली की गाणे चालू आहे असे समजायचे. सूर घ्यायचा तो वाळवणीच्या मोठ्या पिंपाचा. कान तिथेच गेले. निवृत्तीला अठरा वर्षे झाली, पण पिंप काही घशातून निघाले नाही. कुठलेही गाणे त्याच एका सुरात, भिंती हलतील असे म्हणतात. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजणी: एका ओळीला एक उपकार. नवरा तापातून उठला, ही ओळ. मुलीला नोकरी लागली, ती पुढची.

यंदा आमच्या प्रार्थनाघराला पन्नास वर्षे झाली. आभारगीताची तालीम घेऊन घेऊन गायनमास्तर जेरीला आले आणि त्यांनी मला गाठले.

"मावशी, त्यांना नुसते ओठ हलवायला सांगा. अख्खी रांग त्यांच्यामागे खाली घसरते."

"तुम्हीच सांगा की."

"सांगितलं. त्यांना वाटलं, मी कौतुक करतोय."

असली कामे माझ्याच गळ्यात का पडतात, देव जाणे. मी सांगितले, दोनदा, ओरडून. वन्संनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले.

"बरं. पण मग त्याचे आभार कसे मानू?"

"मनात माना. त्याला मनातलं कळतं."

"त्याला कळतं हो. मला कळत नाही ना, मानले की नाही ते."

सोहळ्याच्या दिवशी त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या आणि शहाण्यासारखे ओठ हलवू लागल्या. हात छातीवर होताच. दुसऱ्या ओळीला बोटे थांबली.

"वहिनी, कुठवर आले?" त्यांची कुजबुज तीन रांगांना ऐकू जाते.

"मला काय ठाऊक?"

त्यांनी पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. पुन्हा थांबल्या. किल्ली हरवलेल्या माणसासारखा चेहरा झाला आणि डोळे भरून आले. माझे यजमान गेले तेव्हाही या बाई रडता रडता गात होत्या, भाऊ एकाहत्तर वर्षे मिळाला म्हणून. त्या वेळी मला त्यांचा गळा दाबावासा वाटला होता. आता गळा बंद होता, तर तेही मला सोसेना. माणसाने करावे तरी काय?

दोन कडवी उरली होती.

"म्हणा एकदाचं," मी म्हणाले.

"काय?"

"मोठ्याने म्हणा, वन्सं."

त्यांनी सुरुवात केली. आधी आमची रांग खाली आली, मग मागची. मास्तरांनी हात वर वर नेऊन पाहिला. मीही खालीच म्हणत होते, दुसरा इलाज नव्हता.

दारात मास्तरांनी अडवले. "मावशी, तुम्हाला एक काम सांगितलं होतं."

"केलं होतं. मीच मागे घेतलं."

"काय म्हणतायत?" वन्संनी विचारले.

"ऐकू आलं म्हणतायत."

"पण दोन कडव्यांत कुठलं मावायला?" वन्सं म्हणाल्या. "सोळाच झाले, बाकीचे राहिलेत." आणि भर रस्त्यात, एक हात छातीवर ठेवून, त्यांनी सतरावी ओळ उचलली. त्यांची पिशवी मी धरली.