हळू लिहिणाऱ्यांची तक्रार

दामोदर भाऊजी आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले, तेव्हा त्यांनी कप आधी रिकामा मागितला. उजेडाकडे धरून आतून पाहिला, कानावर नखाने टकटक केलं आणि म्हणाले, "वहिनी, कानाच्या मुळाशी तडा आहे. चार महिने जाईल, जास्त नाही."

"मग पाचव्या महिन्यात नवा घेऊन या," मी म्हटलं. "तोवर यातच प्या."

ते हसले आणि प्यायले. त्यांना राग येत नसे. समोरच्याला मात्र हमखास यायचा.

बायको गेल्यावर ते बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या समोरच्या दारात एकटेच राहायला आले. मुलगा पुण्याला होता. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी माल तपासायचं काम केलं होतं. दोष दिसला की वस्तूला लाल चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर चार गोष्टी लिहायच्या: काय दिसलं, कुठे दिसलं, काय करताना दिसलं आणि काय दिसायला हवं होतं. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण सवय सुटली नाही. जिन्यातला दिवा, गच्चीवरची टाकी, विहारातला लाऊडस्पीकर, कशालाच त्यांनी सोडलं नाही. एकदा माझ्या भाकरीची पाळी आली. "काय दिसलं? एका बाजूला जाड. कुठे? डावीकडे. काय करताना? थापताना तुम्ही माझ्याशी भांडत होता." चौथी गोष्ट सांगायच्या आत मी ताट उचललं.

"चिठ्ठी वस्तूला लावायची असते वहिनी, माणसाला नाही," असं ते नेहमी म्हणायचे. माणसांना ते पटत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

मग एकदा मुलाने त्यांना सांगितलं, की इंटरनेटवर मराठी माणसांची एक साइट आहे, लोक लिहितात, वाचतात, गप्पा मारतात, तुमचाही वेळ जाईल. मुलाला वाटलं, बाप कविता वाचेल. बापाने तिथलं 'अडचणी आणि सूचना' नावाचं पान शोधलं आणि तिथेच मुक्काम ठोकला.

घरी कॉम्प्युटर नव्हता. स्टेशनजवळ नानिकशेठचं सायबर कॅफे होतं. नानिकशेठ उल्हासनगरचे. कापडाचा धंदा भावाच्या गळ्यात घालून त्यांनी बदलापुरात मशीनं टाकली होती. भाऊजी रोज सकाळी दहाला तिथे हजर. पुष्कळदा मलाही न्यायचे.

"मी चौथी शिकलेली बाई, मी तिथे काय करू?" मी म्हटलं होतं.

"म्हणूनच चला. तुम्हाला जे बटण सापडणार नाही, ते चुकीच्या जागी असणार."

मी जायचे. काडेपेट्या भरण्यात माझी उमर गेली, आता हाताला काम नव्हतं. शिवाय तिथे एसी होता.

त्यांची पहिली तक्रार वेळेबद्दल होती. ते सकाळी लिहायचे आणि साइट दाखवायची आदल्या दिवशीची रात्र. चालवणारी पोरं काही पुण्यात, काही अमेरिकेत. उत्तरं देणारा स्वतःला 'कारभारी' म्हणवायचा. त्याने लिहिलं, आमचा सर्व्हर अमेरिकेत आहे. भाऊजींनी उलट लिहिलं, "सर्व्हर कुठेही असो, लिहिणारा हेंद्रेपाड्यात आहे." महिन्याभराने वेळ सुधारली. मग त्यांनी अक्षर मोठं करून घेतलं, पिवळ्यावरचा हिरवा रंग बदलून घेतला. तिथे त्यांनी नाव घेतलं होतं 'लालचिठ्ठी'. लोक थट्टा करायचे, "आले लालचिठ्ठी, आता पंगतीत केस शोधणार." भाऊजी लिहायचे, "केस असेल तरच सापडेल."

पुढे त्यांना स्वतःचं काहीतरी लिहावंसं वाटलं. कारखान्यातला पहिला दिवस. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, सव्वा तास लिहिलं. शेवटचं बटण दाबलं तर साइट म्हणाली, आपण कोण, पुन्हा प्रवेश करा. लिहिलेलं सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशी तेच.

त्यांनी तक्रार टाकली. कारभारी म्हणाला, आमच्याकडे असं होत नाही, तुमचं इंटरनेट बघा. भाऊजींनी नानिकशेठना विचारलं.

"काका, मशीन चांगली आहे, लाइन चांगली आहे," नानिकशेठ म्हणाले. "बुरा मत मानना, बिघडले ते तुम्ही आहात."

भाऊजी तक्रार टाकत राहिले. सातव्यांदा टाकली तेव्हा कारभाऱ्याने सगळ्यांसमोर लिहिलं, की ही खोटी तक्रार पुन्हा आली तर तुमचं सभासदत्व बंद करू. खाली पाच-सहा जणांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी भाऊजी माझ्या दारात उभे राहिले. चहा पुढे केला, घेतला नाही.

"एकतीस वर्षांत माझी एक चिठ्ठी परत आली नाही, वहिनी. खोटी म्हणाला."

"मग खरी करून दाखवा, नाहीतर गप्प बसा," मी म्हटलं. "असा चेहरा घेऊन माझ्या उंबऱ्यात उभं राहू नका."

दुसऱ्या दिवशी दहाला त्यांनी मला आणि नानिकशेठना कामाला लावलं. एकच मशीन, एकच मजकूर, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही कारखान्यातली रीत. मजकूर होता कॅफेच्या भिंतीवरच्या सूचनांचा: थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, वगैरे. आधी नानिकशेठ बसले. सात-आठ मिनिटांत लिहून मोकळे. बटण दाबलं, राहिलं.

"देखा? मशीन ठीक है."

मग मी बसले. भाऊजींनी 'काकू' नावाने माझं खातं उघडून दिलं होतं. 'थुंकू' लिहितानाच मला घाम फुटला. दीड तासाने बटण दाबलं आणि सगळं गेलं.

"मी काहीतरी भलतंच दाबलं असेल," मी म्हटलं.

भाऊजींना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तुम्ही काही दाबलं नाही. तुम्ही हळू लिहिलंत. हळू लिहिणं हा काय गुन्हा आहे?"

बँकेत, पोस्टात, रेशनवर, जिथे जिथे माझा कागद परत आला, तिथे मी आधी स्वतःलाच शिवी घातली होती.

भाऊजींनी नानिकशेठना पुन्हा बसवलं. "पुन्हा तेच लिहा. पण बटण दाबू नका."

"मग काय करू?"

"चहा प्या. तासभर."

नानिकशेठनी कुरकुरत दोन चहा घेतले, उल्हासनगरला भावाला फोन करून भांडून घेतलं. तास उलटल्यावर बटण दाबलं.

"अरे, मेरा भी उड़ गया, काका."

लिहिलेलं उडाल्याबद्दल भाऊजींएवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दोष मशीनचा नव्हता, बोटांचाही नव्हता. तास झाला की साइट माणसाला विसरत होती. भाऊजींनी तिथेच चिठ्ठी लिहिली, तुकड्या-तुकड्याने, दर वीस मिनिटांनी पाठवत. 'काय करताना दिसलं' याच्यापुढे लिहिलं, 'हळू लिहिताना'. 'काय दिसायला हवं होतं' याच्यापुढे, 'लिहिलेलं राहायला हवं'.

दोन दिवसांनी कारभाऱ्याचं उत्तर आलं. तक्रार खरी आहे, आम्ही सगळे भराभर लिहितो म्हणून कधी दिसलंच नाही, आणि 'खोटी' हा शब्द मी सगळ्यांसमोर मागे घेतो. पंधरा दिवसांत त्यांनी ते दुरुस्त केलं.

गंमत पुढेच झाली. त्या उत्तराखाली अशी माणसं लिहायला लागली, ज्यांची नावं तिथे कुणी पाहिली नव्हती. कुणी निवृत्त मास्तर, कुणी हात कापतो म्हणून सावकाश लिहिणारा. एका बाईने लिहिलं, "माझं तीनदा गेलं. मला वाटलं, हे आपलं काम नाही, म्हणून मी यायचं सोडलं." भाऊजींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "लिहिणाऱ्याच्या नावाचं अक्षर अजून बारीकच ठेवलंय साइटवाल्यांनी."

त्यांचा कारखान्यातल्या पहिल्या दिवसाचा लेखही शेवटी आला. कंटाळवाणा होता. मी तसं सांगितलं.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. पुन्हा लेख लिहिला नाही.

दोन वर्षांनी मुलाने त्यांना पुण्याला नेलं आणि त्याच हिवाळ्यात ते गेले. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मुलाचा फोन आला तेव्हा माझ्या गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं. रडण्याआधी ओटा पुसावा लागला, मग रडायचं राहून गेलं.

चार दिवसांनी कॅफेत गेले. नानिकशेठनी साइट उघडून दिली. कारभाऱ्याने बातमी लिहिली होती, बरी लिहिली होती. खाली पुष्कळ लोकांनी चार चांगले शब्द लिहिले होते, थट्टा करणाऱ्यांनीसुद्धा. आणि सगळ्यात शेवटी, तिथे प्रत्येक लेखाखाली असायचं तेच होतं: 'हे लेखन कसं वाटलं?' आणि गुण द्यायला पाच चांदण्या. कुणीतरी चार दिल्या होत्या.

नानिकशेठना हसू आलं आणि लगेच त्यांनी जीभ चावली. "काकू, एक किस बात की काटी?"

मी खुर्ची पुढे ओढली. अडचणींचं पान शोधलं. 'माणूस गेल्याच्या बातमीखाली चांदण्या ठेवू नका. लोक चुकून देतात. काढून टाका.' एवढंच लिहिलं, पण तासापेक्षा जास्त वेळ लागला. नानिकशेठनी मधे दोनदा चहा दिला. बटण दाबलं. राहिलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर चांदण्या गेलेल्या. खाली कारभाऱ्याचं उत्तर होतं: "आभारी आहे काकू. इतक्या जणांनी पान वाचलं, पण हे कुणाच्याच लक्षात आलं नाही."

लक्षात सगळ्यांच्या आलं असणार. कळवलं कुणी नाही.