कोळंबीच्या सालांची डॉक्टरेट

पीएच.डी.ची पहिली दोन वर्षं मी ओकारी दाबत काढली. मी घाटावरचा. आमच्या घरात मासळी कधी शिजली नाही, आणि माझ्या वाट्याला विषय आला तो कोळंबीच्या सालांचा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या सरांना प्लास्टिकची जागा घेईल आणि मातीत कुजेल असा पदार्थ हवा होता. कोळंबीच्या सालात कायटिन नावाचं द्रव्य असतं. सालातला चुना आम्लानं काढायचा, चिकटलेलं मांस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळून काढायचं, आणि जे उरेल ते पुन्हा जास्त कडक कॉस्टिकमध्ये शिजवायचं. मग एक पूड मिळते. ती सौम्य आम्लात विरघळवून काचेवर ओतली की पातळ, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. तो करणं हे माझं काम. माझ्याहून दोन वर्षांनी पुढे असलेला दुसरा विद्यार्थी माझ्याच पुडीवर तांबं चढवायचा. पूड निळसर हिरवी व्हायची आणि उत्प्रेरक म्हणून वापरता यायची. एरवी तासन्‌तास रखडणारी क्रिया चिमूटभर पुडीनं पार पडायची, आणि पूड गाळून परत वापरता यायची. थोडक्यात, मी साफ पूड दिली तरच त्याची आणि माझी गाडी पुढे सरकणार होती.

मुंबईच्या प्रयोगशाळेत आम्ही पहिली सालं उकळली आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला तिथून हाकललं. वरच्या मजल्यावरचे प्राध्यापक नाकाला रुमाल लावून खाली आले होते. सरांच्या एका मित्राचा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना होता. त्याच्या मागची पत्र्याची शेड आम्हाला मिळाली. मी जवळच्या बेटेगावात खोली घेतली आणि सायकलवरून शेडवर जाऊ लागलो.

तो वास नुसता कुजक्या मासळीचा नव्हता. कॉस्टिकमध्ये सालं उकळायला लागली की त्यात साबण, जळके केस आणि नासलेलं अंडं असं सगळं एकदम यायचं. तो केसांत बसायचा, पाकिटातल्या कागदांत बसायचा. मी जेवायला बसलो की शेजारच्या खोलीतले कामगार दार लावून घ्यायचे. शेडचा वॉचमन रोज म्हणायचा, "साहब, पढ़े-लिखे आदमी हो, ये क्या काम पकड़ लिया?" मला स्वतःच्या हातांची किळस यायची. भात कालवताना बोटं नाकाजवळ येतात म्हणून मी काही महिने चमच्यानं जेवलो.

एवढं करून पूड निघायची ती तपकिरी. पापुद्रा ओतला तर त्यावर डाग, आणि ताणला की फाटायचा. सर पंधरा दिवसांनी एकदा यायचे, दारातूनच बाटली उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "हे काय आणलंस? चिखल आहे हा."

सालं मी घिवली या किनाऱ्यावरच्या गावाहून आणायचो. तिथं एका अंगणात बायका व्यापाऱ्यासाठी कोळंबी सोलत बसायच्या. सोललेली कोळंबी बर्फात घालून टेम्पोनं जायची आणि सालांचा ढीग मागे राहायचा. ते अंगण ज्या बाईचं होतं ती पन्नाशीची असेल. बोलायला तुटक, हाताला कमालीची चपळ. मी दोन-तीन दिवस पडून राहिलेली सालं पोत्यात भरायचो आणि एसटीत चढायचो. एकदा कंडक्टरनं अर्ध्या वाटेत मला पोत्यासकट उतरवलं. मी चालत बोईसरला पोचलो. पोत्यातून गळणारं पाणी पाठीवरून चपलेत उतरलं होतं.

त्याच्या पुढच्या खेपेला तिनं मला पोतं भरताना पाहिलं आणि हातातली कोळंबी खाली ठेवली.

"डोकी कशाला नेतोस?"

मी म्हटलं, "सगळंच लागतं, मावशी."

"घान सगली डोक्यात हाय. डोकी टाक. नुसत्या साली घे, खाऱ्या पान्यात धू, आनि इथंच उनात वालव. आज सोललं ते आजच. उद्यावर ठेवलं का गेलं."

मला राग आला होता. मी एम.एस्सी.ला वर्गात पहिला आलेला माणूस. पूड तपकिरी का होते यावर मी परदेशी नियतकालिकं धुंडाळत होतो. तरी हरल्यासारखं झालंच होतं म्हणून तिचं ऐकलं. डोकी काढली, सालं समुद्राच्या पाण्यात धुतली, वाळूवर पसरली. त्या दिवशीची पूड पांढरी आली. कोळंबीच्या डोक्यात तिच्या पोटातले पाचक रस असतात, ते काही तासांत सगळं नासवतात, हे मला नंतर पुस्तकात सापडलं. पुस्तकात ते होतंच, मला शोधायचं काय हे ठाऊक नव्हतं.

त्यानंतर वर्षभर ती सालं धुऊन, वाळवून ठेवायची. मी आठवड्याला दोन पोती आणायचो. सालं कुरकुरीत असायची आणि त्यांना वास जवळजवळ नसायचा. एसटीत कुणी मान वळवत नव्हतं. पापुद्रा काचेसारखा निघू लागला, उत्प्रेरक पुन्हापुन्हा वापरूनही टिकू लागला. सरांनी शोधनिबंध लिहिला. त्यात तिच्या पद्धतीला त्यांनी 'किनाऱ्यावरील पूर्वप्रक्रिया' असं भारदस्त नाव दिलं. मी तिला म्हटलं, "मावशी, एकदा या शेडवर. तुमच्या सालांचं काय होतं ते दाखवतो." ती म्हणाली, "येन कवातरी. बाजाराला येते तवा."

ती आली तो दिवस नेमका चुकीचा निघाला. पुढच्या टप्प्यासाठी पैसे देऊ शकतील असे तीन पाहुणे सर त्या दिवशी घेऊन येणार होते. शेड धुऊन काढली होती, टेबलावर पांढरी चादर घातली होती. अकराच्या सुमाराला ती दोन पोती घेऊन दारात उभी राहिली. चांगलं हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. अंगाला साबणाचा वास येत होता, हे मला स्पष्ट आठवतं. मी तिला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "थोडं थांबा, पाहुणे गेले की दाखवतो."

मोटार आली. सर पुढे होते. त्यांनी तिला पाहिलं, पोती पाहिली आणि खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. त्यांना काही वास येणं शक्य नव्हतं. नुसतं बघूनच त्यांना तो आला.

"ही कोण?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "कोणी नाही, सर. कचरा आणून देते."

हे वाक्य माझं आहे. मला कुणी ते बोलायला लावलं नव्हतं. घाबरून बोललो असंही नाही. अगदी सहज, तोंडात तयार असल्यासारखं आलं. ती तीन हातांवर बसली होती. ती उठली.

सरांनी वॉचमनला सांगितलं, "ती खुर्ची धुऊन घे. फिनाइल मार सगळीकडे." वॉचमन आधीपासून बाटली घेऊनच उभा होता. ती पायरी उतरत असताना त्यानं ओतलं आणि तिच्या लुगड्याच्या काठावर उडालं. तिनं खाली पाहिलं, काठ झटकला आणि फाटकातून बाहेर गेली. पोती तिथंच राहिली, फिनाइलमध्ये भिजून वाया गेलेली.

आत सरांनी एका पाहुण्याच्या तळव्यावर पांढरी पूड ठेवली. "बघा, वास घेऊन बघा. काही वास नाही." पाहुण्यांनी एकेक करून वास घेतला आणि माना डोलावल्या. मग मी अर्धा तास पूर्वप्रक्रियेवर बोललो. दारातून फिनाइलचा भपका येत होता.

पाहुणे गेल्यावर मी तांबं चढवणाऱ्या सहकाऱ्याला म्हटलं, "आपण सरांना बोलायला हवं होतं."

तो बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. "थीसिस होऊ दे. मग काय बोलायचं ते बोल." पुढची चिठ्ठी चिकटवत तो म्हणाला, "आणि सर काही म्हणाले नाहीत. कचरा तू म्हणालास."

चार दिवसांनी मी घिवलीला गेलो. ती सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"साली नाय. कोंबड्यांच्या खाद्यावाल्याला दिल्या. आता त्यालाच देनार."

"मावशी, त्या दिवशी मी सालांबद्दल म्हणालो."

"सालीला म्हनालास का मला म्हनालास, ते तुला ठावं." ती सोलत राहिली. "लुगडं तीन येला धुतलं. फिनाइलचा वास जाय ना."

मी उभा राहिलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो, पण तिच्यापुढे तोंडातून निघालं ते असं की, अजून तीन वेळा सालं लागतील, नाहीतर माझं काम अडेल. स्वतःच्या निर्लज्जपणाची मला तिथंच शिसारी आली. मी परत फिरलो.

मग मी पालघरच्या बाजारातून सालं घेतली. डोक्यासकट, दोन दिवसांची. धुतली, वाळवली, पण जे नासायचं ते आधीच नासलेलं होतं. पूड पुन्हा तपकिरी. प्रबंधाच्या शेवटच्या तक्त्यासाठी तीन प्रयोग उरले होते आणि तिन्ही फसले. मी सरांना वही दाखवली. त्यांनी ती मिटून परत दिली.

"आधीचे आकडे चांगले आहेत ना? मग त्यांच्या आसपासचे लिही. पद्धत सिद्ध झालीच आहे."

मी लिहिले. बेटेगावच्या खोलीत, भर दुपारी, निळ्या शाईनं. प्रत्येक आकडा थोडा वरखाली ठेवला, खरा वाटावा म्हणून.

ऋणनिर्देशात मी एक ओळ लिहिली होती: सालं त्याच दिवशी धुऊन वाळवण्याची युक्ती घिवलीच्या एका मच्छीमार बाईंची. सरांनी ती लाल पेन्सिलीनं खोडली. "परीक्षकाला उगाच शंका येईल. पद्धत आपली आहे." त्या ओळीच्या वर त्यांच्या पत्नीचे वेळोवेळी दिलेल्या चहाबद्दल आभार होते, ते राहिले. मी पालघरच्या टायपिस्टकडून ते पान पुन्हा टाइप करून घेतलं. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाले, "इतके एकसारखे निष्कर्ष क्वचित पाहायला मिळतात." सर हसले. मीही हसलो. मला डॉक्टरेट मिळाली.

पुढच्या टप्प्याचे पैसेही आले. सरांच्या मित्रानं शेडमध्ये मोठ्या टाक्या बसवल्या. त्याच दिवशी धुण्या-वाळवण्याच्या भानगडीत कोण पडतो; ट्रक भरून शिळा माल यायचा, डोक्यासकट उकळला जायचा, आणि उरलेलं काळं, फेसाळ पाणी मागच्या नाल्यात सोडलं जायचं. बाहेर फलकावर निसर्गाला पूरक असं काहीतरी लिहिलेलं होतं. शेजारच्या कारखान्यांतले कामगारसुद्धा, ज्यांना कसल्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं, तक्रार घेऊन गेले. दीड वर्षात ते बंद पडलं. सरांनी मला तिथं नोकरी देऊ केली होती. मी नाही म्हणालो, पण त्यात धैर्य नव्हतं. तो वास पुन्हा अंगावर घ्यायचा नव्हता, एवढंच. मी पालघरच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. सहकारी परदेशी गेला.

घिवलीला मी परत गेलो तो चार-पाच वर्षांनी. का गेलो हे सांगता येत नाही. तिची नजर कमी झाली होती, पण आवाजावरून तिनं मला ओळखलं. बोंबील दोरीवर टांगत होती. मी तिला सगळं सांगितलं. पद्धतीचं नाव, खोडलेली ओळ, मनानं लिहिलेले तीन आकडे. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे.

शेवटी म्हणाली, "मंग तू पास झालास ना?"

"झालो."

"मंग मला सांगाया कशाला आलास?"

तिनं पुढचा बोंबील उचलला, दोरीत अडकवला आणि हातानंच खूण केली.

"जरा बाजूला रव. सावली पडते मासलीवर."

मी बाजूला झालो.