मेंदीच्या बोटावरचा चिमटा

भांडुपच्या आमच्या नर्सिंग होममध्ये बोटाला लावायचा, रक्तातला ऑक्सिजन छोट्या पडद्यावर आकड्यात दाखवणारा चिमटा आला, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्याआधी गुंगीतल्या पेशंटची नखं आणि ओठ बघत राहणं हेच माझं काम. निळसर झाले की सांगायचं.

पहिल्याच आठवड्यात आकडा घसरला म्हणून मी ऑपरेशन थांबवायला लावलं. निघालं काय, तर चिमटा सरकला होता. बाहेर नातेवाइकांसमोर डॉक्टर म्हणाले, आमच्या सिस्टरना टीव्ही नवीन आहे. सगळे हसले. मीही हसले.

मग एक सून आली, दंडावरची गाठ काढायला. नणंदेच्या लग्नाची मेंदी पार नखांपर्यंत. गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरांनीच दिलं. छोट्या कामाला भूलतज्ज्ञ बोलवत नसत. थोड्या वेळाने आकडा नव्वदच्या खाली गेला. मी सांगितलं.

"मेंदीमुळे गंडलंय ते, सिस्टर. आवाज बंद करा त्याचा."

मी बंद केला. मग चिमटा हळूच माझ्या बोटाला लावून पाहिला. अठ्ठ्याण्णव. परत तिच्या बोटाला लावला. एक्क्याऐंशी. तोंडाजवळच्या हिरव्या कापडाचा कोपरा उचलला. ओठ जांभळे पडले होते.

कापड मी होतं तसं सोडलं.

वरच्या मजल्यावरची खोली डॉक्टरांनी मला आणि आईला राहायला दिलेली. दार समोर होतं, जीभही होती. मी फक्त उतरत जाणारा आकडा बघत राहिले. किती वेळ, ते खरंच सांगता येत नाही. शेवटी डॉक्टरच म्हणाले, रक्त काळं का येतंय? मग हनुवटी उचलली, ऑक्सिजन लावला. ती वाचली.

पण शब्द सापडेनासे झाले तिला. गॅसवर दूध ठेवून विसरायची. डॉक्टरांनी सासूला सांगितलं, औषध सोसलं नाही. सासू म्हणाली, मुळातच मंद असणार, माहेरच्यांनी लपवलं. मी फाइल धरून शेजारीच उभी होते.

टाके काढायला ती आली तेव्हा सासू बाहेर बसली होती. आत आम्ही दोघीच. नखांवरची मेंदी अजून तशीच होती. थांबत थांबत, शब्द शोधत तिने विचारलं,

"सिस्टर, मी आधीपासूनच अशी होते का हो?"

मी म्हटलं, "हात हलवू नकोस गं."