चार वाजताची लिंबोणी

मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. भुताखेतांचं नाव काढलं की भर वर्गात फिरकी घेणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. तुम्हीही हसा.

निलंग्याला माझे वडील, अण्णा, एकटेच राहायचे. भूकंपात आई गेली, गावातलं घर गेलं. तिने परसात लावलेलं लिंबोणीचं रोप तेवढं अण्णांनी उपटून आणून निलंग्याच्या अंगणात लावलं. रोज दुपारी चारला चहा झाला की तिला बादलीने पाणी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी ठरवलं — ठिबक, घरातले दिवे, सगळं एका कंट्रोलरवर टाकायचं.

दुकानात दोन होते. एक साधा, बटणांचा. दुसरा फक्त मोबाईलवर चालणारा. फिटिंग करणारे शब्बीरभाई म्हणाले, "सर, बटनवाला घ्या. म्हाताऱ्या माणसाला बरं पडतंय." अण्णांनीही विचारलं, "मला हातानं चालू करता येईल का रे?"

"तुम्ही कशाला उठता? मी लातूरहून बघतो ना!" म्हणत मी मोबाईलवालाच घेतला. खरं सांगू? मिरवायचं होतं मला.

पाणी वेळेवर पडू लागलं. अण्णा म्हणाले, "आता माझं काय काम हाय अंगणात?" मी हसण्यावारी नेलं. हळूहळू ते बाहेर यायचेच बंद झाले. सहा महिन्यांत गेले.

तेरावं उरकून, मेन स्विच बंद करून घराला कुलूप लावलं. चार दिवसांनी बॅच चालू असताना मोबाईलवर मेसेज — 'लिंबोणी: हाताने चालू. आठ मिनिटे.' वेळ दुपारी चारची. दुसऱ्या दिवशी पुन्हा... मग रोजच, दोन आठवडे.

शेवटी एका रविवारी शब्बीरभाईंना घेऊन गेलो. चारच्या बॅचला परतायचं होतं, म्हणून सकाळीच. मेन स्विच बंदच, टाकी कोरडी. लिंबोणीचं आळं मात्र ओलं. शेजाऱ्यांना विचारलं, कुणीच पाणी घातलं नव्हतं. शब्बीरभाईंनी कंट्रोलरचा डबा उघडून पाहिला. "सर, ह्याला हातानं चालू करायची सोयच न्हाई. मेसेज येईलच कुठून?"

मी घाबरलो. डबा तिथल्या तिथे काढायला लावला. मेसेज थांबले, आळंही सुकलं.

कारण आजतागायत कळलेलं नाही. पण मला खातं ते वेगळंच... दोन आठवडे रोज चारला कळत होतं की अण्णांच्या अंगणात कुणीतरी आहे. निलंगा तासा-दीड तासाच्या वाटेवर. आणि चारला मी एकदाही तिथे गेलो नाही. एक बॅच माझ्याच्याने सोडवली नाही.